मिरियम मकेबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकन संगीत ऐकायला आम्ही काही जण एकत्र बसतो, आणि मिरियम मकेबाचं एखादं गाणं लावलं की त्यानंतर आठवडाभर प्रश्न येत राहतात. बहुतेक तेच तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. आपण 'लता' म्हणतो, 'आशा' म्हणतो, तशी ती मला 'मिरियम'च वाटते, म्हणून सगळीकडे 'ती' असं लिहिलं आहे.

१. मिरियम मकेबा कोण? अगदी थोडक्यात सांगा.

दक्षिण आफ्रिकेची गायिका. जन्म ४ मार्च १९३२, जोहान्सबर्गजवळच्या प्रॉस्पेक्ट नावाच्या काळ्या वस्तीत. १९५९ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ती देशाबाहेर पडली. काही महिन्यांत अमेरिकेत नावाजली गेली आणि त्यानंतर एकतीस वर्षं तिला घरी जाता आलं नाही. जगभर लोक तिला 'मामा आफ्रिका' म्हणत. २००८ मध्ये इटलीत ती वारली.

२. तिचं खरं नाव 'झेंझिले' होतं म्हणतात. त्याचा अर्थ काय?

पूर्ण नाव झेंझिले मिरियम मकेबा. वडील खोसा, आई स्वाझी. तिची आई बाळंतपणात मरता मरता वाचली. गरोदरपणात, आणि पुढे बाळंतीण झाल्यावरही, आजी पुटपुटत असे, 'उझेंझिले', म्हणजे 'तुझं तूच ओढवून घेतलंस'. तेच नाव बाळाला लागलं. आपल्याकडे नकोशी झालेल्या मुलीचं नाव 'नकुशा' ठेवत, पण हे त्यातलं नाही. ही आजीच्या काळजीतून आलेली कुरकुर होती. मिरियम पुढे याच आजीच्या घरी, प्रिटोरियाजवळ, भावंडांच्या गोतावळ्यात वाढली. तिथल्या किल्नर्टनच्या मेथडिस्ट शाळेच्या गायनवृंदात ती पहिल्यांदा लोकांसमोर गायली.

३. ती जन्मताच तुरुंगात गेली होती, ही दंतकथा आहे का?

नाही, खरी गोष्ट आहे. तिची आई घरी बिअर गाळून विकायची. मका आणि ज्वारीची ही आंबूस बिअर, 'उमकोम्बोती', तिकडे घरोघरी होते. पण काळ्या माणसांनी ती विकणं तेव्हा गुन्हा होता. आई पकडली गेली. दंड भरायला पैसे नव्हते, म्हणून सहा महिन्यांची कैद झाली. मिरियम तेव्हा अठरा दिवसांची होती आणि अंगावर पीत होती, त्यामुळे आईबरोबर तीही आत गेली.

मिरियम सहा वर्षांची असताना वडील गेले. आई गोऱ्यांच्या घरी कामाला राहायची, म्हणून मुलं आजीकडे. पुढे आईच्या अंगात येऊ लागलं आणि ती 'सँगोमा' झाली. कोकणात आपण भगत म्हणतो, घाटावर देवऋषी म्हणतो, साधारण तसं. हा तपशील लक्षात ठेवा, आठव्या प्रश्नात लागेल.

४. परदेशात गेली म्हणूनच ती मोठी झाली ना? आपल्याच देशात राहिली असती तर कोणी ओळखलं असतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यातलं गृहीतकच चुकीचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

देश सोडला तेव्हा मिरियम तिथली आघाडीची गायिका होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती 'क्यूबन ब्रदर्स' या छोट्या गटात गायची. तिथून 'मॅनहॅटन ब्रदर्स' या त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय गटानं तिला घेतलं. ते गावोगाव फिरत. काळ्या कलावंतांना हॉटेल मिळत नसे, रस्त्यात पोलीस परवाने तपासत. त्यांच्या 'लाकू त्शोनी इलांगा' या गाण्यातला माणूस दिवस मावळल्यावर आपल्या माणसाला घरोघरी, दवाखान्यांत, तुरुंगांत शोधत फिरतो. त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली तेव्हा तुरुंग आणि दवाखाने गायब झाले आणि त्यांच्या जागी गोड खोटं बोलणारा प्रियकर आला. त्याच रूपात ते १९५६ मध्ये अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पोचलं. म्हणजे ती अमेरिकेत पोचायच्या तीन वर्षं आधी तिचा आवाज तिथे पोचला होता, फक्त शब्दांतलं दुःख काढून टाकून.

त्याच वर्षी 'स्कायलार्क्स' हा फक्त मुलींचा गट उभा राहिला. चार आवाज, अमेरिकन जॅझची घडण आणि घरच्या सुरावटी. त्या तबकड्या खूप खपल्या, पण तेव्हाच्या रीतीप्रमाणे काळ्या गायकांना ठरावीक रक्कम मिळे, रॉयल्टी नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये जोहान्सबर्गच्या विटवॉटरस्रँड विद्यापीठाच्या सभागृहात 'किंग काँग' हे जॅझ संगीतक रंगमंचावर आलं. एका काळ्या मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यावरचं, संगीत टॉड मत्शिकिझाचं. त्यात मिरियमनं गुत्त्याच्या मालकिणीची, जॉयसची, भूमिका केली. विद्यापीठाच्या आवारात काळे आणि गोरे प्रेक्षक एकाच छपराखाली बसू शकले, हे त्या वेळी दुर्मिळ होतं.

परदेशानं तिला गायिका केलं नाही. तिच्या गळ्यावर घरच्या वस्त्यांमध्ये आधीच संस्कार झाले होते. परदेशात गेल्यावर ती आपल्या देशाची साक्षीदार झाली, आणि त्याची किंमत तिच्याकडून वसूल झाली (प्रश्न ७).

५. मग ती बाहेर पडली कशी?

एका चोरून काढलेल्या चित्रपटामुळे. लायोनेल रोगोसिन हा अमेरिकन दिग्दर्शक वर्णद्वेषी राजवटीखालचं जगणं चित्रित करायला आला होता. पर्यटकांसाठी संगीतपट काढतोय, असं त्यानं सरकारला सांगितलं होतं. 'कम बॅक, आफ्रिका' या त्या चित्रपटात जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीतल्या गुत्त्यात माणसं गप्पा मारत बसली आहेत, तेवढ्यात मिरियम आत येते आणि दोन गाणी म्हणते. काही मिनिटांचंच काम, पण पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून हलत नाही. १९५९ च्या व्हेनिस महोत्सवात चित्रपट दाखवला गेला तेव्हा रोगोसिननं खटपट करून तिला तिथे नेलं. तिथून ती लंडनला गेली, आणि लंडनमध्ये हॅरी बेलाफाँटे या नामांकित अमेरिकन गायकाची गाठ पडली.

३० नोव्हेंबर १९५९ रोजी ती अमेरिकेत स्टीव्ह ॲलनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसली. मग न्यूयॉर्कचं 'व्हिलेज व्हॅनगार्ड', तळघरातला तो छोटा जॅझ क्लब, जिथे शहरातले सगळे कानसेन येऊन बसत. १९६० मध्ये पहिली एलपी निघाली. १९ मे १९६२ रोजी केनेडींच्या वाढदिवसाच्या मोठ्या कार्यक्रमात, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, ती गायली. अडीच वर्षांत इथवर.

६. बेलाफाँटेनं तिला 'घडवलं', असं वाचलं. खरं का?

त्यानं दारं उघडली, हे निःसंशय. ओळखी, करार, वादक, कपडे, कार्यक्रमांची आखणी सगळं त्यानं पाहिलं, आणि मिरियम त्याला 'मोठा भाऊ' म्हणे. पण 'घडवलं' हा शब्द मला पटत नाही. ती जे गात होती त्यातलं त्यानं काय शिकवलं असणार? खोसा आणि झुलू गाणी ती घरून घेऊन आली होती. केस सरळ न करता तसेच आखूड ठेवायचे, रंगभूषा जवळजवळ करायचीच नाही, हेही तिचंच. अमेरिकेतल्या अनेक काळ्या बायकांनी रंगमंचावर असे केस पहिल्यांदा तिचेच पाहिले, आणि काही वर्षांत त्याला 'ॲफ्रो' हे नाव मिळालं. पुढे राजकारण आणि व्यवहार यांवरून दोघं दुरावली, पण बेलाफाँटेचं ऋण तिनं कधी नाकारलं नाही.

७. तिला देशात परत का जाता आलं नाही? कुठे १९६० लिहितात, कुठे १९६३. नक्की कधी?

दोन्ही बरोबर आहेत, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पोलिसांनी पासच्या कायद्याविरुद्ध (काळ्या माणसांना सतत परवाना जवळ बाळगायला लावणारा कायदा) जमलेल्या लोकांवर गोळीबार केला. ६९ माणसं मेली. त्याच वर्षी मिरियमची आई वारली. अंत्यविधीला जायची तयारी करू लागल्यावर तिला कळलं, की आपला पासपोर्ट सरकारनं रद्द केला आहे. तोवर तिनं राजकीय भाषण वगैरे काही केलेलं नव्हतं. आईचं शेवटचं दर्शन राहिलं ते राहिलंच. सुदैवानं तिची लहान मुलगी बोंगी त्याच वर्षी तिच्याकडे अमेरिकेत येऊ शकली.

१९६३ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविरोधी विशेष समितीसमोर उभी राहिली आणि दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार घालावा अशी मागणी केली. त्यावर सरकारनं तिचं नागरिकत्व आणि परतण्याचा हक्क काढून घेतला आणि तिच्या तबकड्यांवर बंदी घातली. म्हणजे १९६० मध्ये दार लागलं आणि १९६३ मध्ये त्याला कुलूप बसलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण 'राजकारणात पडली म्हणून भोगलं' असं अनेक जण म्हणतात. क्रम उलटा आहे. आधी तिला आईच्या मातीला जाऊ दिलं नाही, बोलायला ती नंतर उभी राहिली.

८. गाताना ती जिभेनं 'टक टक' आवाज काढते, ती काय गंमत आहे?

गंमत नाही, ती व्यंजनं आहेत. आपल्याला 'ट' किंवा 'ळ' जसा, तसे खोसा भाषेला हे आवाज. मुख्य तीन प्रकार आहेत आणि तिन्ही आपल्या तोंडात आहेत, फक्त आपण त्यांचे शब्द करत नाही. हळहळताना आपण 'च्च च्च' करतो, तो पहिला, दातांमागचा. बैलाला चुचकारताना गालाच्या बाजूनं काढतो, तो दुसरा. लहान मुलाला घोड्याच्या टापा ऐकवताना टाळूवरून जीभ सोडून 'टॉक' करतो, तो तिसरा. खोसा माणूस हे बोलण्याच्या ओघात, स्वरांच्या मधोमध, न अडखळता उच्चारतो. करून पाहा म्हणजे कळेल.

ज्या गाण्याबद्दल सगळे विचारतात त्याचं नाव 'कोंगकोत्वाने'. त्यातले दोन्ही 'क' घोड्याच्या टापांच्या जातीचे आहेत, देवनागरीत मला याहून जवळ लिहिता येत नाही. हे पारंपरिक लग्नातलं गाणं. पोट जमिनीवर आपटून टकटक करणारा एक काळा किडा असतो, त्याला यात 'वाटांचा भगत' म्हटलं आहे. देवऋषिणीच्या मुलीनं ते गावं, हे मला फार जुळून आल्यासारखं वाटतं. गोऱ्या लोकांना नाव उच्चारता येत नाही म्हणून ते याला 'क्लिक साँग' म्हणतात, हे ती गाण्याआधी हसत सांगायची. पण जिभेच्या या आवाजाचं नवल करणाऱ्यांना ती ठामपणे सांगे, की हा तोंडानं काढलेला आवाज नाही, माझी भाषा आहे.

९. 'पाता पाता'चा अर्थ काय? ते निषेधाचं गाणं आहे का?

नाही. 'पाता पाता' म्हणजे 'स्पर्श स्पर्श'. जोहान्सबर्गच्या वस्त्यांमधल्या एका नाचाचं ते नाव. मूळ गाणं १९५० च्या दशकातलं, अमेरिकेत ते १९६७ मध्ये नव्यानं ध्वनिमुद्रित होऊन निघालं, मधे ती इंग्रजीत बोलून नाचाची ओळख करून देते. बिलबोर्डच्या यादीत ते बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि जगभर वाजलं. मिरियमला स्वतःला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. इतकी अर्थाची गाणी गायले आणि लोकांना हेच हवं, असा तिचा सूर असे. तरी तिनं ते शेवटपर्यंत गायलं, अगदी शब्दशः (प्रश्न १५).

१०. 'मलाइका' तिचंच ना?

आवाज तिचा, गाणं तिचं नाही. ते पूर्व आफ्रिकेतलं, स्वाहिली भाषेतलं आहे. त्याच्या मूळ कर्त्यावरून केनिया आणि टांझानियात जुना वाद आहे. मलाइका म्हणजे देवदूत. गाणारा तरुण म्हणतो, तुझ्याशी लग्न करायचं आहे, पण माझ्याकडे धन नाही. तिकडे मुलाकडून मुलीच्या घरी देज द्यावं लागतं. 'देज' हा शब्द आपल्याकडे आता विस्मरणात चालला आहे, पण हे गाणं त्याच्याशिवाय कळत नाही.

११. ग्रॅमी मिळवणारी पहिली आफ्रिकन ती, हे बरोबर?

सामान्यतः असंच मानलं जातं. एक तपशील मात्र सांगताना गळतो: १९६६ मधला तो पुरस्कार एकटीचा नव्हता. तो बेलाफाँटेबरोबरच्या १९६५ मधल्या 'ॲन ईव्हनिंग विथ बेलाफाँटे/मकेबा' या एलपीला, लोकसंगीताच्या विभागात मिळाला. ही एलपी गोड लोकगीतांची असेल या समजुतीनं लावाल तर फसाल. तीत पंतप्रधान फेरवुर्टला 'काळा माणूस येतोय, सांभाळ' असं बजावणारं गाणं आहे. ते रचणाऱ्या वुयिसिले मिनीला १९६४ मध्ये प्रिटोरियात फाशी दिली गेली. 'खाउलेझा' या गाण्यात रस्त्यावरची पोरं पोलिसांची गाडी दिसताच आईला ओरडून सांगतात, 'लवकर कर'. तिसऱ्या प्रश्नातली बिअर आणि कैद आठवली की या दोन शब्दांत काय आहे ते कळतं.

१२. अमेरिकेनं तिला हाकललं का?

कागदोपत्री हाकललं असं नाही, पण राहणं अशक्य झालं. १९६८ मध्ये तिनं स्टोकली कारमायकेलशी लग्न केलं. 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा घरोघरी पोचवणारा हा नेता अमेरिकन सरकारच्या डोळ्यांत खुपत होता. लग्नाची बातमी येताच तिचे कार्यक्रम धडाधड रद्द झाले, रेकॉर्डचे करार गेले. सरकारनं बंदी घातली नव्हती, लोकांनी कार्यक्रम रद्द केले, असं तिनं स्वतः पुढे सांगितलं. जे प्रेक्षक तिच्या देशातल्या अन्यायावर डोळे पुसत होते, त्यांनाच आपल्या देशातल्या अन्यायाबद्दल बोलणाऱ्याची बायको नकोशी झाली. मला तिच्या आयुष्यातला सर्वांत कडू प्रसंग हाच वाटतो.

दोघं गिनीला गेली. राष्ट्राध्यक्ष सेकू टूरे यांनी आसरा दिला. तिथे ती सुमारे पंधरा वर्षं राहिली, फ्रेंच बोलू लागली, पश्चिम आफ्रिकेच्या वादकांबरोबर गायली. १९७५ आणि १९७६ मध्ये गिनीची प्रतिनिधी म्हणून ती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलली. टूरे यांची राजवट स्वतःच्या लोकांवर क्रूर होती, हेही इथे लिहायला हवं. आसरा देणाऱ्याबद्दल मिरियम फारसं वावगं बोलली नाही. मी तिचा भक्त असलो तरी हे मला खटकतं.

कारमायकेलशी संसार टिकला नाही. बोंगी, जी स्वतः गाणी लिहायची, १९८५ मध्ये बाळंतपणात वारली. त्यानंतर मिरियम ब्रसेल्सला गेली.

१३. मग तिला कुठल्या देशाची म्हणायचं? नऊ पासपोर्ट होते म्हणतात.

स्वतःच्या देशानं कागद काढून घेतल्यावर गिनी, अल्जीरिया, क्यूबा अशा देशांनी तिला पासपोर्ट देऊ केले, म्हणून हा नऊचा आकडा सांगितला जातो. लोक तो मानाचा म्हणून सांगतात. मला तो ऐकला की एखाद्या पोरक्या मुलीला शेजारपाजारच्या नऊ घरांनी जेवू घातल्यासारखं वाटतं. आणि ती कुठली म्हणायची, तर दक्षिण आफ्रिकेचीच. तिनं दुसरं उत्तर कधी दिलं नाही.

१४. भारताशी, महाराष्ट्राशी काही धागा आहे का?

आहेत, पण ओढूनताणून मोठे करू नयेत. १९५९ मध्ये तिनं भारतीय वंशाच्या सनी पिल्ले या दक्षिण आफ्रिकन गायकाशी लग्न केलं होतं, ते काही महिनेच टिकलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वंशभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत प्रथम भारतानं १९४६ मध्ये मांडला आणि त्याच वर्षी त्या देशाशी व्यापार तोडला. मिरियम ज्या व्यासपीठावर १९६३ मध्ये बोलली, त्याची वाट तिथून सुरू होते. आणि केपटाउनमध्ये रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्यांनाही त्याच कायद्यांनी ठरवून दिलेल्या भागांत राहावं लागलं.

१५. ती परत कधी गेली, आणि शेवट कसा झाला?

११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. त्यांनी तिला परत येण्याचा आग्रह केला आणि १० जून १९९० रोजी ती जोहान्सबर्गला उतरली, फ्रेंच पासपोर्टवर. आपल्या देशात परदेशी म्हणून शिक्का मारून घेऊन. मग ती आईच्या थडग्यावर गेली. तीस वर्षं राहून गेलेलं काम.

पुढची अठरा वर्षं ती गात राहिली, मुलींसाठी आसराघर काढलं, २००२ मध्ये स्वीडनचं पोलर पारितोषिक मिळालं. ९ नोव्हेंबर २००८ रोजी इटलीत नेपल्सजवळच्या कास्तेल वोल्तुर्नो गावात तिचा कार्यक्रम होता. माफियाविरुद्ध लिहिल्याबद्दल जिवाला धोका असलेल्या रोबेर्तो साव्हियानो या लेखकाच्या पाठिंब्यासाठी. त्याच गावात दोन महिन्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या सहा स्थलांतरितांना गोळ्या घालून मारलं होतं. शहात्तर वर्षांची मिरियम दुखऱ्या गुडघ्यांनी उभी राहून गायली. 'पाता पाता' म्हणून रंगमंचावरून उतरली आणि हृदयविकाराच्या झटक्यानं त्या रात्री गेली.

१६. ऐकायला कुठून सुरुवात करू?

'पाता पाता'पासून नको, ते तुम्ही ऐकलेलं असणारच. आधी स्कायलार्क्सच्या जुन्या तबकड्या ऐका, म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर कानांनी मिळेल. मग १९६० ची पहिली एलपी. तीत 'कोंगकोत्वाने' आहे, आणि सॉलोमन लिंडाचं 'म्बुबे'ही. मग बेलाफाँटेबरोबरची १९६५ ची. त्यानंतर 'सोवेटो ब्लूज'. १६ जून १९७६ रोजी शाळेत आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेची सक्ती नको म्हणून रस्त्यावर उतरलेल्या मुलांवर गोळ्या चालल्या, त्यावरचं हे गाणं. ते लिहिलं तिचा पूर्वीचा नवरा, ट्रम्पेटवादक ह्यू मसेकेला यानं. लग्न मोडलं तरी दोघांचं गाणं मोडलं नाही. हे मात्र रात्री, घर शांत झाल्यावर, एकट्यानं ऐका.